राक्षसावर खटला चालत नाही

वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

"मी नागपूरला राहते. माहेर काटोल तालुक्यातलं. बाबांचा संत्र्याचा बगीचा होता. मी शाळेत असताना एका व्यापाऱ्यानं अंबिया बहाराचा (त्या हंगामातल्या फळांचा) अख्खा बगीचा उक्ता, म्हणजे एकरकमी किमतीला घेतला, इसार दिला आणि भाव पडल्यावर अर्धा माल झाडावर सोडून निघून गेला. बाकीचे पैसे कधी आलेच नाहीत. शेवटचा आला तेव्हा जाताना त्यानं आमच्याच झाडाचं एक संत्रं सोलून माझ्या हातावर ठेवलं होतं आणि मी ते खाल्लं होतं, एवढं आठवतं. बाबा त्यानंतर पहिल्यासारखे राहिले नाहीत. यावर मी एक कथा लिहिली. नायक शेतकऱ्याचा मुलगा सुधाकर, खलनायक तो व्यापारी. दिवाळी अंकांकडून कथा परत आली. एका संपादकांनी कळवलं की खलनायक सिनेमातला वाटतो आणि नायक शाळेच्या धड्यातला. पण माझा व्यापारी तर खराखुरा होता! खरा माणूस कागदावर खोटा कसा होतो? माझ्या भाचीनं कथा वाचली आणि म्हणाली, 'मावशी, मला तो व्यापारीच आवडला.' ते फार लागलं. माझं कुठे चुकतंय?"

ताई,

कथा सोबत पाठवलीत म्हणून नेमकं बोलता येतंय. भाचीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या कथेचं सगळ्यात अचूक परीक्षण तिनंच केलंय.

तुमचा सुधाकर काटोलजवळच्या खेड्यात वाढलेला आहे, पण तोंड उघडलं की म्हणतो, "बाबा, या अन्यायाविरुद्ध आपण संघर्ष केला पाहिजे." व्यापारी म्हणतो, "काकाजी, माल तं सोन्यासारखा हाये, नाही कोण म्हन्ते? पन भाव का माया हातात हाये?" आता तुम्हीच मोठ्यानं वाचून बघा. तुम्ही लिहिलंय की तो क्रूर हसला, त्याचे डोळे लबाड होते, पण भाचीनं त्याचा आवाज ऐकला आणि त्या आवाजावर विश्वास ठेवला. निवेदक काय बजावतो आणि पात्राच्या तोंडून काय येतं, यांत फरक पडला की वाचक पात्राच्या बाजूनं जातो. प्रत्येक वेळी जातो.

हे एकट्या तुमच्या हातून झालेलं नाही. मराठी कथेत ही सवय जुनी आहे. सज्जनांना प्रमाण भाषा द्यायची, आणि बोली द्यायची ती गड्याला, हसवणाऱ्याला, नाहीतर दुष्टाला. विदर्भातल्या वाचकांनी हे फार वर्षं सोसलंय, आणि आपल्यातले लिहिणारेही नकळत तेच करतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुधाकरला त्याची बोली परत द्या. बापाशी तो "तुमी कायले गेले त्याच्या मागं मागं?" असंच बोलेल. कॉलेजात सरांसमोर प्रमाण भाषेत अडखळेल. आणि व्यापाऱ्यासमोर? तिथं तो कोणती भाषा काढतो हे लिहून बघा. बाप बाजूला उभा असताना मुलानं मुद्दाम पुस्तकी मराठी काढली, समोरच्याला लहान करायला, तर त्याचा अहंकार, त्याची लाज आणि बापापासून पडत चाललेलं अंतर एकाच वाक्यात दिसेल. 'सुधाकर अहंकारी होता' असं लिहायची गरजच उरणार नाही.

पहिल्याच पानावर तुम्ही लिहिता, 'सुधाकर अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू आणि हुशार होता.' पुढच्या बारा पानांत त्याला प्रामाणिक राहणं महाग पडेल असा एकही प्रसंग येत नाही. कुणी मोहच दाखवला नाही तर प्रामाणिकपणा दिसणार कुठून? त्याला एक पेच घाला. समजा तोडणी चालू आहे, गाडी भरतेय, आणि व्यापाऱ्याचा मुनीम हप्त्याचे पैसे मोजताना चुकतो. द्यायचे त्याहून जास्त देऊन टाकतो. फायदा तुमच्या घरचा. सुधाकरला चूक दिसते. याच व्यापाऱ्यानं गेल्या आठवड्यात भाव पाडून मागितलाय. मुनीम गरीब आहे, हिशेब जुळला नाही तर पैसे त्याच्या पगारातून कापले जातील. सुधाकर बोलतो की गप्प राहतो? काय व्हायला हवं ते मी सांगणार नाही. बोलला तर तो कसा बोलतो, बापाकडे बघून की बापाची नजर चुकवून, हे लिहा. गप्प राहिला तर संध्याकाळी त्याच मुनिमाला चहा देताना त्याचं वागणं कसं असतं, ते लिहा. माणूस कळतो तो तिथंच. दोन गोष्टी हव्या असतात, दोन्ही मिळणार नसतात, आणि तो एक सोडतो. काय सोडलं, यावरून वाचक त्याची किंमत करतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. खरा माणूस कागदावर खोटा कसा झाला?

ताई, कागदावर तो माणूस आलेलाच नाही. आलाय तो तुमचा संताप. गळ्यात सोन्याची साखळी, पानानं रंगलेलं तोंड, बारीक डोळे, गडगडाटी हसू हे सगळं संतापानं आयतं उचलून आणलंय. आणि जे तुम्ही स्वतः पाहिलं होतं, तेच कथेतून गळालंय. पत्रात मात्र ते एका वाक्यात येऊन गेलं: आमच्याच झाडाचं संत्रं सोलून त्यानं माझ्या हातावर ठेवलं आणि मी ते खाल्लं.

ते वाक्य वाचून मी थांबले. तुमचा खलनायक त्या एका कृतीत पूर्ण उभा आहे. ज्याचे पैसे दिलेले नाहीत असं फळ तो प्रेमानं सोलतो आणि ज्याला बुडवलं त्याच्याच लेकीला देतो. बरं, ते प्रेम खोटं असेल असंही नाही. कदाचित त्याला लेकरं खरोखर आवडत असतील. कदाचित घरी तुमच्याच वयाची मुलगी असेल. आणि तुम्ही ते खाल्लंत, ते गोड लागलं असणार, बाबा ओसरीवर बसून बघत असणार. एवढ्या सगळ्याला कथेत जागा नाही आणि सोन्याच्या साखळीला आहे! संत्रं तुम्ही का गाळलं असेल, याचा मला अंदाज आहे. ते लिहिलं तर तो माणूस चांगला वाटेल, अशी भीती वाटली असेल. आणि ते खाल्ल्याचा सल तुम्हाला आजही असेल.

या भीतीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सूडाच्या किंवा दुःखाच्या पोटी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती असते. व्यापाऱ्याला कारणं दिली, घरदार दिलं, अडचणी दिल्या, की त्याला माफ केल्यासारखं होईल आणि बाबांशी बेईमानी होईल.

मला ठामपणे याच्या उलट वाटतं. राक्षसावर खटला चालत नाही. राक्षस राक्षसासारखा वागला, त्यात गुन्हा कसला? ज्याला दुसरं काही करता आलं असतं त्यालाच दोष देता येतो. व्यापाऱ्याला भाव पडल्याची बातमी कळते त्या रात्री त्याच्यासमोर दोन वाटा होत्या, त्यातली एक त्यानं ओळखली होती, ती थोडी महाग होती म्हणून टाळली, हे वाचकाला दिसलं तरच वाचक त्याला धरेल. तुमच्या कथेत त्याला दुसरी वाटच नाही. तो पहिल्या ओळीपासून दुष्ट आहे, म्हणून त्याच्या दुष्टपणाचं वाचकाला काही वाटत नाही. तुम्ही त्याला राक्षस करून सोडवलंय, ताई.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे वाईटाचा एक मोठा पुतळा मिरवत नेतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणत सगळा महाल, सगळी इतवारी रस्त्यावर येते, वर्षभराचं जे काही वाईट असेल ते तिच्या माथी मारतात आणि तिला जाळतात. हा आपल्या शहराचा फार मोठा सण आहे, मला तो अतिशय प्रिय आहे, आणि समाजाला असा निचरा लागतोही. पण काळ्या मारबतीचा संबंध लोक जिच्याशी जोडतात, त्या बाकाबाई भोसल्यांकडे कथाकाराच्या नजरेनं बघा. लोकांच्या तोंडी एवढंच आहे की ती इंग्रजांना मिळाली. इतिहासातली बाई कशी होती? नागपूरचे भोसले राजे दुसरे रघुजी, त्यांची विधवा. १८१७ च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, तेव्हाचे राजे आप्पासाहेब हरले, पुढच्या वर्षी गादीवर अजाण तिसरा रघुजी बसला आणि पालक म्हणून बाकाबाई उभी राहिली. कारभाराची सूत्रं इंग्रजांचा रेसिडेंट जेन्किन्स याच्या हातात. तिसरा रघुजी १८५३ मध्ये वारला आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं तेव्हा हीच बाई विरोधात गेली. आणि १८५७ मध्ये, उतारवयात, तीच इंग्रजांच्या बाजूनं राहिली.

यातलं एक टोक घेतलं की मारबत होते, दुसरं घेतलं की वीरांगना होते. लेखकाला दोन्ही टोकं एकाच बाईच्या अंगात बसवायची असतात. खालसा करताना जिनं दाद मागितली, तिला तीन-चार वर्षांनी काय वाटलं असेल? घराणं वाचवायचं होतं, थकली होती, की हरणारी बाजू तिला आधीच ओळखू आली होती? यातलं काहीही धरून लिहा, ती निर्दोष ठरत नाही. ती फक्त जबाबदार ठरते. तुमच्या व्यापाऱ्याला तेवढंच हवंय.

भासाच्या नावावर असलेलं 'ऊरुभंग' हे संस्कृत नाटक मला या बाबतीत शिक्षकासारखं वाटतं. मांड्या फुटलेला दुर्योधन रणावर पडलाय आणि त्याचा लहानगा दुर्जय येऊन नेहमीच्या सवयीनं मांडीवर बसायला जातो. बापाला नको म्हणावं लागतं. आता आठवा, महाभारतात भर सभेत द्रौपदीला दाखवली ती हीच मांडी. नाटककारानं तो अपराध कुठंही पुसलेला नाही, पण त्या मांडीवर रोज एक पोर बसायचं हेही दाखवलंय, आणि प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी एकदम सोसाव्या लागतात. तुमच्या हातात तसंच एक संत्रं आहे.

आता सुधाकर. तो कथाभर काय करतो? बघतो, मनातल्या मनात जळतो, बापाला धीर देतो, शेवटी भाषण करतो. भाचीला व्यापारी आवडला यामागं बोलीइतकंच हेही कारण आहे. तिथं हालचाल करणारा तो एकटाच आहे. सौदा तो करतो, भाव तो पाडतो, निघून तो जातो. ज्याला काहीतरी हवंय आणि त्यासाठी जो धडपडतो, त्याच्यामागं वाचक जातो, मग त्याला हवं ते वाईट का असेना.

म्हणून सुधाकरला इच्छा द्या, आणि ती जरा अडचणीची असू द्या. माझी सूचना अशी: या व्यापाऱ्याला बगीचा द्यायचा आग्रह सुधाकरचाच असू द्या. दुसरा एक जुना, ओळखीचा व्यापारी कमी भाव देत होता पण पैसे रोख मोजणार होता. नागपूरला कॉलेजात नाव घालायचं होतं, खोलीचं भाडं भरायचं होतं, म्हणून पोरानं जास्त भावाचा हट्ट धरला आणि इसारातूनच त्याची फी गेली. बापानं पुढं कधीही ते बोलून दाखवलं नाही. आता तुमच्या नायकाला रागासोबत गिळायला अपराधही आहे, आणि त्याचा व्यापाऱ्यावरचा संताप वाचकाला दुप्पट खरा वाटेल, कारण त्यातला अर्धा स्वतःवरचा आहे.

दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात नायकाचे चार प्रकार दिलेत, त्यातला एक धीरोद्धत. गर्विष्ठ, मत्सरी, तापट, कपटाला न कचरणारा. आणि पुढं प्रतिनायकाची, म्हणजे खलनायकाची, लक्षणं सांगताना, लोभी, हट्टी, पापी यांच्या रांगेत तोच धीरोद्धत शब्द पुन्हा येतो. तोच स्वभाव दोन्हीकडे चालतो. तुमच्या नव्या कथेतही व्यापारी आणि सुधाकर दोघांनाही जास्तीचे पैसे हवे होते, दोघांनीही जोखमीचा भार बापाच्या खांद्यावर ठेवला. हे साम्य लिहिताना हात अडखळेल, पण तिथंच कथा आहे. ते पुढं वेगळे होतात ते नुकसान समोर आल्यावर, कोण काय भरायला तयार होतो त्यावरून.

एका गोष्टीवर मात्र मी कडक बोलणार आहे. व्यापाऱ्याचं जे आडनाव तुम्ही ठेवलंय, ते वाचताक्षणी त्याची जमात कळते. त्याच्या काळ्या रंगाचा उल्लेख तीनदा येतो आणि तो लंगडत चालतो. हे तिन्ही काढा. तुमच्या मनात वाईट नाही हे मला माहीत आहे. पण आडनाव, रंग, अपंगत्व यांवर दुष्टपणा टांगला की वाचकाच्या मनात आधीपासून साठलेला गाळ तुमचं काम करून देतो, आणि तुम्ही लिहिलेलं काहीच उरत नाही. आपल्याकडे तर आडनावातून काय काय वाचलं जातं हे वेगळं सांगायला नको. दीक्षाभूमीच्या शहरात बसून लिहिणाऱ्यानं एवढी काळजी घ्यायलाच हवी. त्याचं व्यापारी असणं त्याच्या कामातून दाखवा. फळ हातात घेऊन अंगठा कसा फिरवतो, झाडाकडे बघून मालाचा अंदाज कसा बांधतो, नुकसानीचा आकडा सांगताना आवाज कसा खाली आणतो. नागपुरातल्या कळमन्याच्या घाऊक बाजारात एखाद्या पहाटे जाऊन नुसत्या उभ्या राहा. एका तासात तुम्हाला साखळीपेक्षा दहापट चांगलं काही मिळेल.

तो शेवटचा प्रसंग कसा लिहिता येईल याचा नमुना देते. उचलू नका, फक्त चाल बघा.

व्यापारी खाटेवर बसला. पाणी मागून प्याला. "काकाजी, मी पळून नाही राह्यलो," तो म्हणाला. "पन आता हा माल तोडला तं गाडीभाडंही नाही निघत. तोडाईची मजुरी वेगळी. तुमीच सांगा, मी का करू?" बाबा काही बोलले नाहीत. "तुमी म्हणान तसं करतो," तो पुन्हा म्हणाला. बाबांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, सुधाकरला कळलं नाही. व्यापाऱ्याला कळली. तो उठला.

यात कुठंही क्रूर हा शब्द नाही. तो आवाज चढवत नाही, उलट आदरानं बोलतो. पण ज्याला बुडवलं त्याच्याकडूनच तो परवानगी काढून घेतो, आणि मुकी मान आपल्या सोयीनं वाचतो. बाबांचा भिडस्तपणाही इथंच दिसतो, आणि सुधाकर तिथं उभा असून बोलला नाही, हेही दिसतं. तिघं एकाच प्रसंगात उघडे पडतात. यानंतर तो संत्रं तोडतो, सोलतो आणि लहान मुलीला देतो. ती मुलगी कथेत आणा. सध्या तुमच्या कथेत ती नाहीच. सुधाकरची धाकटी बहीण करा. निवेदन तिच्याकडे द्यायचं का, याचाही विचार करा, माझा कल तिकडे आहे. लहान मुलीला सौदा कळत नाही, ती फक्त पाहते, आणि जे ती समजू शकत नाही ते वाचक समजतो. शिवाय निवाडा देण्याचा मोह तिथं आपोआप सुटतो.

भाव का पडला, हेही एखाद्या परिच्छेदात येऊ द्या. आवक किती झाली, गाड्या कुठं अडल्या, व्यापाऱ्याच्याही डोक्यावर कुणाचं देणं होतं. कागद न करता तोंडी सौदे करायची रीत, बापाचा भिडस्तपणा, या सगळ्यांनी मिळून तो बगीचा बुडवला. शेतीवरच्या अनेक कथांमध्ये खरा खलनायक एक माणूस नसतोच, पण वाचकाला व्यवस्था दिसत नाही, व्यवस्थेतली माणसं दिसतात. म्हणून ते तुमच्या मुनिमाकडून येऊ द्या. स्वतः कुणाला न बुडवता सगळ्या बुडवण्याची वही लिहिणारा तो माणूस आहे. त्याला दोन वाक्यं जास्त द्या.

आणि सुधाकरचं शेवटचं भाषण काढा. सगळं.

पहिला खर्डा फाडू नका, जपून ठेवा. तो बाबांसाठी लिहिलाय आणि त्याला तुमच्या घरात जागा आहे. नवा खर्डा कोऱ्या कागदावर सुरू करा, जुना समोर न ठेवता, आणि खाटेवरच्या प्रसंगापासून सुरू करा. आधीचं मागाहून जोडता येतं. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवतात, त्यामुळे यंदाचं जमलं नाही तरी चालेल. लिहून झाल्यावर मला पाठवा, मी वाचेन.